धाराशिव जिल्ह्यातील मरळ मासेमारी

धाराशिव जिल्ह्यातील मरळ मासेमारी म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात नद्या, गावतलाव आणि धरणांच्या जलाशयांत मरळ या गोड्या पाण्यातील शिकारी माशाची केली जाणारी मासेमारी होय. मरळ जाळ्यातही सापडते. मात्र ती दबा धरून हलत्या भक्ष्यावर झडप घालते, म्हणून गळ व आमिष हे तिला पकडण्याचे जुने साधन आहे. अलीकडच्या काळात जिवंत बेडूक किंवा लहान मासा गळाला लावण्याऐवजी रबरी बेडूक आणि 'स्विमबेट' या नावाने ओळखले जाणारे लहान, मऊ कृत्रिम मासे वापरण्याची पद्धत भारतातील हौशी मासेमारांत रूढ झाली आहे. ही आमिषे मूळतः उत्तर अमेरिकेतील बास या माशासाठी विकसित झाली.

धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. येथील जलाशय काही वर्षी तुडुंब भरतात, तर काही वर्षी तळ गाठतात. अशा पाण्यात मरळ दोन गुणांमुळे टिकून राहते. ती हवेतील प्राणवायू घेऊ शकते आणि आपल्या पिलांचे रक्षण करते. पिलांचे रक्षण करणारी मरळ समोर येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडत असल्याने विणीच्या हंगामातच ती गळाला सर्वांत सहज लागते. त्यामुळे ती कोणत्या साधनाने पकडली जाते याइतकेच ती केव्हा पकडली जाते, हेही महत्त्वाचे ठरते.

माशाची ओळख

मरळ हे नाव मराठीत चन्ना या प्रजातीतील मोठ्या माशांसाठी वापरले जाते. त्यांत दोन जाती प्रमुख आहेत. चन्ना स्ट्रायटा ही जाती मार्कुस ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये, तर चन्ना मारुलियस ही जाती फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये शास्त्रीय नावाने नोंदवली. दुसऱ्या जातीच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा कडा असलेला ठिपका असतो, विशेषतः लहान वयात तो ठळक दिसतो. ही मरळ आकाराने मोठी असून तिची लांबी एक मीटरपेक्षा अधिक होऊ शकते. याच प्रजातीतील चन्ना पंक्टाटा व चन्ना गाचुआ या लहान जाती ओढे, डबकी व भातखाचरांत आढळतात. त्यांची स्थानिक नावे गावागणिक बदलतात.

मरळीचे शरीर लांबट व गोलसर, डोके सापासारखे चपटे आणि खवल्यांनी झाकलेले, तोंड मोठे व दात तीक्ष्ण असतात. पाठीवरचा पर जवळजवळ संपूर्ण पाठभर पसरलेला असतो. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा साठवणारी पोकळी असते. या पोकळीमुळे मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते. किंबहुना तिला हवा घेणे भागच असते. पृष्ठभागापर्यंत पोहोचता आले नाही तर ती पाण्यातही गुदमरून मरते.

मरळीच्या मांसात बारीक काटे कमी असतात आणि ती पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते, म्हणून बाजारात ती बहुधा जिवंत विकली जाते. शेजारच्या तेलंगणात तिला कोरमेनू म्हणतात आणि ती त्या राज्याचा राज्यमासा आहे. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्या हैदराबाद शहराशी या भागाचा तेव्हा प्रशासकीय संबंध होता, तेथे आजही मरळीला मोठी मागणी असते.

बास आणि मरळ

बास हा शब्द अनेक वेगवेगळ्या माशांना लावला जातो. गळमासेमारीच्या लेखनात बास म्हणजे सामान्यतः उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील मायक्रोप्टेरस प्रजातीचे मासे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जिताडा या माशालाही व्यापारात एशियन सीबास म्हणतात. पण तो खाडी व समुद्रात राहणारा वेगळ्या कुळातील मासा आहे. मरळीचे या दोघांशीही जवळचे नाते नाही.

तरीही मोठ्या तोंडाचा अमेरिकी बास आणि मरळ यांच्या शिकारीच्या सवयी सारख्या आहेत. दोघेही पाणवनस्पती, बुडालेली झाडे व दगडांच्या आडोशाला थांबतात आणि जवळून जाणाऱ्या लहान मासा, बेडूक किंवा कीटकावर अचानक झेप घेतात. त्यामुळे बाससाठी बनवलेले आमिष मरळही घेते. याचा पुरावा अमेरिकेतच मिळाला. चन्ना मारुलियस म्हणून नोंदवली गेलेली मरळ २००० मध्ये फ्लोरिडा राज्यातील पाण्यात आढळली आणि पुढे तेथील कालव्यांत स्थिरावली. तेथील मासेमार तिला बासच्याच आमिषांनी पकडतात. चन्ना अर्गस ही चीनकडील जाती २००२ मध्ये मेरीलँड राज्यातील एका तळ्यात सापडल्यानंतर अमेरिकेने जिवंत मरळींच्या आयातीवर बंदी घातली. आपल्या मूळ प्रदेशात जपण्याजोगा असलेला मासा परक्या पाण्यात उपद्रवी ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

जिल्ह्यातील पाणवठे

धाराशिव जिल्हा बालाघाट डोंगररांगांच्या पठारी प्रदेशात असून गोदावरी व कृष्णा या दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसला आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील मांजरा आणि मध्यभागातून वाहणारी तेरणा या नद्यांचे पाणी गोदावरीला मिळते. पश्चिमेची सीना व दक्षिणेची बोरी या नद्या भीमेमार्फत कृष्णेला मिळतात. बहुतेक ओढे व लहान नद्या हंगामी आहेत. उन्हाळ्यात प्रवाह तुटतो आणि पाणी डोहांत व बंधाऱ्यांतच उरते. त्यामुळे येथील मासेमारी प्रामुख्याने साठवलेल्या पाण्यावर चालते.

प्रमुख पाणवठे पुढीलप्रमाणे आहेत:

• सीना-कोळेगाव प्रकल्प – परांडा तालुका, सीना नदी
• निम्न तेरणा प्रकल्प – लोहारा तालुक्यातील माकणी येथे, तेरणा नदी
• तेरणा मध्यम प्रकल्प – तेर गावाच्या परिसरात
• चांदणी व खासापुरी मध्यम प्रकल्प – परांडा तालुका
• मांजरा प्रकल्प – धरण बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे; जलाशयाचा काही भाग कळंब तालुक्याला लागून

याशिवाय लघुपाटबंधारे तलाव, पाझर तलाव आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जिल्हाभर विखुरलेले आहेत. तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात बांधलेला दगडी बंधारा व त्यातील पाणीमहाल हे पाणी अडवण्याच्या परंपरेचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

मरळ जलाशयाच्या मधल्या खोल, उघड्या पाण्यापेक्षा काठालगतच्या भागात अधिक असते. ओढा जलाशयाला मिळतो ती जागा, बेशरम व पाणकणसाची दाटी, बुडालेल्या बाभळी, पाण्याखाली गेलेले जुने बांध आणि दगडी पिचिंगच्या फटी या तिच्या नेहमीच्या जागा होत.

इतिहास

या प्रदेशातील गळमासेमारीचा सर्वांत महत्त्वाचा प्राचीन ग्रंथाधार 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याने तो इ.स. ११३० च्या सुमारास रचला. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. हे ठिकाण धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्याच्या पूर्वेस आहे. ग्रंथातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात गळाने मासे पकडणे हा राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून वर्णिला आहे. माशांचे प्रकार, त्यांना एका जागी जमवण्यासाठी घालावयाचे खाद्य, काठी, दोरी व गळ यांची माहिती त्यात येते. हौशी गळमासेमारी ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे, असा समज अनेकदा आढळतो. मानसोल्लासातील हे प्रकरण त्याला छेद देते.

ब्रिटिश काळात कर्नल विल्यम हेन्री साईक्स याने दख्खनमधील माशांचा अभ्यास केला आणि १८३९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात त्याने दख्खनमधील एका मरळीचेही वर्णन केले आहे. हेन्री सलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' हे गळमासेमारीवरील पुस्तक १८७३ मध्ये निघाले, तर फ्रान्सिस डे याचा 'द फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला.

गावपातळीवर मासेमारी हा भोई, कोळी आदी समाजांचा परंपरागत व्यवसाय राहिला आहे. फेकजाळे, कल्ल्यांत मासा अडकवणारे लांब जाळे आणि काठाला बांधून रात्रभर ठेवलेला गळ ही त्यांची नेहमीची साधने होत. मरळीसाठी गळाला बेडूक, लहान मासा, झिंगा किंवा गांडूळ लावले जाते.

कृत्रिम आमिषांचा विकास

मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांची सुरुवात अमेरिकेत झाली. ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम याने १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. त्याच तंत्रातून पुढे माशाच्या आकाराची मऊ आमिषे तयार झाली. पाण्यातून ओढताना पोहणाऱ्या माशासारखी हालचाल करणाऱ्या अशा आमिषाला स्विमबेट म्हणतात.

लहान स्विमबेट साधारणतः ५ ते १० सेंटिमीटर लांबीचे असते. त्याच्या शेपटीच्या टोकाला वल्ह्यासारखा चपटा, आडवा भाग असतो. आमिष ओढले की पाण्याचा दाब या भागावर एकदा एका व एकदा दुसऱ्या बाजूने पडतो, शेपटी डावी-उजवीकडे हलते आणि संपूर्ण आमिष किंचित डोलू लागते. या हालचालीने पाण्यात कंपने निर्माण होतात. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा या संवेदी अवयवाला ती जाणवतात. त्यामुळे गढूळ पाण्यात आमिष स्पष्ट दिसत नसतानाही मासा त्याच्याकडे वळू शकतो. पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या मराठवाड्यातील जलाशयांत हा गुण विशेष उपयोगी पडतो.

साधने व पद्धत

लहान स्विमबेटसाठी सुमारे दोन मीटर लांबीची मध्यम ताकदीची काठी, फिरकी रीळ आणि विणलेली दोरी वापरतात. दोरीच्या शेवटी घर्षण सोसणारा जाड तंगूसाचा तुकडा जोडला जातो, कारण मरळीचे दात तीक्ष्ण असतात व ती पकडली जाताच वनस्पतींत शिरते.

आमिष लावण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. उघड्या पाण्यात ३ ते १० ग्रॅम वजनाचे डोके जोडलेली गरी वापरतात. वनस्पती दाट असतील तर गरीचे टोक आमिषाच्या मऊ अंगातच दडवले जाते. माशाने आमिष दाबले की टोक बाहेर येते. दुसऱ्या पद्धतीत गरी गवतात अडकत नाही.

आमिष मरळीच्या अंगावर न टाकता तिच्या संभाव्य जागेच्या पलीकडे टाकतात आणि संथ, एकसारख्या गतीने तिच्या जवळून ओढतात. मधूनच क्षणभर थांबल्यास आमिष खाली बसते. पुष्कळदा झडप याच वेळी पडते. मरळ हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येते तेव्हा पाण्यावर वलय उठते व बुडबुडे दिसतात. त्यावरून तिची जागा ओळखता येते. सकाळ व संध्याकाळच्या वेळा अधिक अनुकूल मानल्या जातात. रबरी बेडकावर झडप पडल्यास काठी ओढण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागते. स्विमबेटच्या बाबतीत मात्र मासा आमिष सोडून देण्याआधी लगेच ओढ द्यावी लागते.

मासा परत सोडायचा असल्यास उलटा काटा नसलेली किंवा काटा दाबून बसवलेली एकेरी गरी वापरतात. मासा ओल्या हाताने धरतात, तापलेल्या दगडावर किंवा कोरड्या मातीवर ठेवत नाहीत. मरळ पाण्याबाहेर तग धरते, परंतु अंगावरील बुळबुळीत थर निघाल्यास तिला जखमा व रोग होण्याचा धोका वाढतो. भारतात १९८८ पासून पसरलेल्या माशांच्या व्रणरोगाला मरळ विशेष बळी पडते.

ओहोटलेल्या जलाशयाच्या काठी ओला गाळ वरून कोरडा दिसतो, पण त्यात माणूस रुतू शकतो. पाण्याखाली जुन्या विहिरी व खड्डेही असतात. त्यामुळे अनोळखी पाण्यात उतरून मासेमारी करणे धोक्याचे आहे.

विणीचा हंगाम

मरळ मुख्यतः पावसाळ्यात विते. नर व मादी उथळ पाण्यातील वनस्पती बाजूला सारून मोकळी जागा तयार करतात. अंडी तरंगणारी असतात आणि एक-दोन दिवसांत त्यांतून पिले बाहेर येतात. चन्ना स्ट्रायटाची लहान पिले तांबूस-केशरी रंगाची असून दाट थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात. हवा घेण्यासाठी पिले वारंवार वर येत असल्याने पाण्यावर पाऊस पडल्यासारखी सळसळ दिसते. थव्याच्या खाली पालक मासे काही आठवडे पहारा देतात आणि जवळ आलेल्या बेडूक, मासा वा आमिषावर हल्ला करतात.

या वेळी झडप भुकेपोटी पडत नाही. ती पिलांच्या रक्षणासाठी असते. थव्यातून आमिष पुन्हा पुन्हा ओढल्यास पालक मासा हमखास गळाला लागतो. तो काढून नेल्यास पिले इतर मासे, बगळे व पाणकावळे यांच्या तोंडी पडतात. म्हणजे एका माशाबरोबर एका हंगामाची संपूर्ण वीण नष्ट होऊ शकते. म्हणूनच पिलांचा थवा दिसल्यास तेथे आमिष न टाकणे हा जबाबदार गळमासेमारीचा पहिला नियम मानला जातो. तत्काळ परत सोडण्याच्या हेतूनेही पालकाला पकडणे योग्य नाही, कारण तेवढ्या वेळात पिले उघडी पडतात.

महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. ही बंदी समुद्रापुरती आहे. तलावांतील मासेमारी स्वतंत्र कायद्याने व त्या त्या ठेक्याच्या अटींनी चालते.

दुष्काळ आणि मरळ

२०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांत मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला. मांजरा जलाशय कोरडा पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षी जिल्ह्यातील अनेक प्रकल्पांचे पाणी जोत्याखाली जाते, म्हणजे केवळ मृतसाठा उरतो, आणि लहान तलाव पूर्ण आटतात.

पाणी ओसरते तसे मासे लहान डबक्यांत कोंडले जातात. पाणी तापल्याने त्यातील प्राणवायू घटतो. कटला, रोहू यांसारखे मासे अशा वेळी मरू लागतात. मरळ मात्र हवा घेऊन जगते. चन्ना स्ट्रायटा ओल्या गाळात पुरून घेऊन, अंग ओले राहील तोपर्यंत, पुढच्या पावसाची वाट पाहू शकते. चन्ना मारुलियस खोल पाणी पसंत करते, म्हणून लहान तलाव आटण्याचा फटका तिला अधिक बसतो.

मात्र उथळ डबक्यात कोंडलेली मरळ हाताने किंवा साध्या जाळ्यानेही पकडता येते. उरलेले सर्व मासे काढून घेतल्यास पुढील पावसाळ्यात वीण घालण्यास मोठे मासे शिल्लक राहत नाहीत. उन्हाळ्यात तलावांतील गाळ काढण्याचे काम पाणी साठवण्यासाठी आवश्यक असते. तथापि, तळाचा खोल डोह व त्यातील थोडे पाणी राखल्यास बीजरूपाने मासे टिकून राहतात.

ठेका, कायदा व उपजीविका

महाराष्ट्रात पाटबंधारे तलावांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने दिले जातात आणि त्यांत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना महत्त्वाचे स्थान आहे. संस्था तलावात कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस आदी माशांची बोटुकली सोडते व वाढलेले मासे विकते. म्हणून जलाशय सार्वजनिक असला तरी त्यातील मासा कोणीही न्यावा असा नसतो. हौशी मासेमाराने संबंधित संस्थेची परवानगी घेणे आवश्यक ठरते.

मरळीबाबत संस्थांची भूमिका दुहेरी असते. ती सोडलेली बोटुकली खाते, म्हणून नुकसान करणारी मानली जाते. परंतु तिला चांगला भाव मिळतो आणि ती बीज विकत न घेता नैसर्गिकरीत्या वाढते. शिवाय ती जलाशयांत बेसुमार वाढणाऱ्या चिलापीची पिलेही खाते.

भारतीय मत्स्योद्योग अधिनियम, १८९७ नुसार सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे हा गुन्हा आहे. राज्यात महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० लागू आहे. जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असून तेथे परवानगीशिवाय मासे पकडता येत नाहीत.

पर्यावरणविषयक बाबी

कृत्रिम आमिष वापरल्यास जिवंत बेडूक व लहान मासे वापरावे लागत नाहीत. एका पाण्यातील मासे आमिष म्हणून दुसऱ्या पाण्यात नेले जाण्याचा आणि त्यातून परक्या जाती पसरण्याचा धोकाही टळतो. गळ एका वेळी एकच मासा पकडतो; लहान किंवा वीण घालणारा मासा परत सोडता येतो. जाळ्यात अडकून बराच वेळ पाण्याखाली राहिलेल्या मरळीला हवा घेता येत नसल्याने ती अनेकदा मेलेलीच हाती येते.

याउलट, तुटलेली मऊ प्लॅस्टिकची आमिषे पाण्यात कुजत नाहीत आणि मासे ती गिळू शकतात. काठावर टाकलेल्या तंगूसात पक्षी अडकतात. गरीच्या डोक्यासाठी वापरले जाणारे शिसे विषारी असते. पाणपक्ष्यांना होणाऱ्या विषबाधेमुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे. टंगस्टनची वजने हा त्याला पर्याय आहे, पण ती महाग असतात.

हे सुद्धा पहा

• धाराशिव जिल्हा
• मरळ
• मानसोल्लास
• तेरणा नदी
• सीना नदी
• जिताडा